घरातल्या आगीची तयारी: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर येणारे बरेचसे प्रश्न एकाच वळणाचे असतात: कोणतं यंत्र घेऊ, किती किलोचं घेऊ, कुठे टांगू. घरातून बाहेर कसं पडायचं, हे विचारणारे थोडे. म्हणून इथे क्रम मुद्दाम उलटा लावला आहे. आधी वेळ, धूर, दारं आणि अलार्म. विझवण्याची साधनं त्यानंतर. ज्याची कढई आत्ता पेटली आहे त्याने हे वाचत बसू नये. बाकीच्यांनी प्रश्न १५ सवडीने, पण नक्की वाचावा.

१. आग लागली तर हाताशी नेमका किती वेळ असतो?

वाटतो त्याच्या पावपटसुद्धा नसतो. आग सुरुवातीला एका कोपऱ्यात असते आणि बघणाऱ्याला ती आटोक्यातली वाटते. पण तिचा तापलेला धूर छताखाली साठत असतो, आणि त्या थरातून उष्णता खालच्या सगळ्या सामानावर ओतली जाते. हा थर साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोचला की सोफा, पडदे, गालिचा, कपाट असं सगळं जवळजवळ एकदम पेटतं. अग्निशमन दलात याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्या क्षणी खोलीत असलेला माणूस वाचत नाही.

यूएल या अमेरिकी संस्थेने दोन बैठकीच्या खोल्या उभारून पेटवून पाहिल्या. एकीत आजचं फोम आणि कृत्रिम धाग्यांचं सामान होतं, दुसरीत जुन्या पद्धतीचं, म्हणजे लाकूड आणि सुती कापडाचं. पहिलीत फ्लॅशओव्हर चार मिनिटांच्या आत झाला. दुसरीला जवळपास अर्धा तास लागला. फोम पेट्रोलियमपासून बनतो, तेव्हा त्याने इंधनासारखं जळावं यात नवल नाही.

या चार मिनिटांतच जाग येणं, काय चाललंय ते कळणं, मुलांना उचलणं आणि किल्ली शोधणं बसवायचं असतं.

२. माणसं भाजून दगावतात ना? मग सगळे धुराबद्दलच का बोलतात?

कारण बहुतेक वेळा ज्वाळा पोचायच्या आधीच धुराने काम केलेलं असतं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. फोम, लोकर, नायलॉन जळताना हायड्रोजन सायनाइडही निघतं. दोन-चार श्वासांत गोंधळायला होतं, पाय लटपटतात. माणसं स्वतःच्याच घरात दार समजून कपाट उघडतात ती यामुळे.

"धुराचा वास आला की मला जाग येईलच" यावर विसंबू नका. झोपेत नाक झोपलेलं असतं.

गरम धूर वर जातो, त्यामुळे बरी हवा जमिनीलगत राहते. धुरातून जायची वेळच आली तर हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत जायचं, ते यासाठी.

३. सगळं एकदम जमणार नाही. आज एकच गोष्ट करायची तर कुठली?

बाहेर जायचं दार अंधारात, किल्ली न शोधता उघडता येतं का, ते बघा. किल्ली लागत असेल तर ती रोज एकाच खिळ्यावर, दारापासून हाताच्या अंतरावर, पण बाहेरून हात घालून काढता येणार नाही अशी. दारामागचा चपलांचा ढीग आणि सायकल हलवा. याला पैसे लागत नाहीत. त्यानंतर स्मोक अलार्म (प्रश्न ४) आणि झोपायच्या खोल्यांची दारं (प्रश्न ७). अग्निशामक माझ्या यादीत चौथा येतो.

४. स्मोक अलार्मचे दोन प्रकार दिसतात. फरक काय, आणि घ्यायचा कुठला?

आयनीकरण प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अतिसूक्ष्म अंश असतो. भडकून जळणाऱ्या आगीतले बारीक कण तो लवकर पकडतो. प्रकाशविद्युत, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, प्रकारात आत प्रकाशाचा झोत असतो. धुराचे कण त्यात शिरले की प्रकाश विखुरतो आणि अलार्म वाजतो. गादी किंवा सोफा धुमसत असताना निघणारा जाड धूर याला आधी कळतो, आणि स्वयंपाकाच्या वाफेने हा तुलनेने कमी फसतो.

दोन्ही एकत्र असलेला मिळाला तर उत्तम. एकच घ्यायचा तर फोटोइलेक्ट्रिक घ्या, कारण रात्रीच्या धुमसणाऱ्या आगीची भीती मोठी. एक वाजला की घरातले सगळे वाजतील असे जोडलेले अलार्म घेणं जमत असेल तर तिथे काटकसर करू नका. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म नकोच. तिथे तापमान ओळखणारा हीट अलार्म लावतात.

५. तो लावायचा नेमका कुठे?

प्रत्येक झोपायच्या खोलीत, त्या खोल्यांच्या बाहेरच्या बोळात, आणि घराला मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर. जागा छताची, शक्यतो मध्यावर. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा कोंडून राहते आणि धूर तिथे उशिरा पोचतो, म्हणून कोपऱ्यापासून किमान १० सेंटिमीटर दूर. शेगडीपासून सुमारे ३ मीटर लांब. न्हाणीघराच्या दारासमोर नको, वाफेने वाजत राहील. छताला पंखा असेल तर पात्याच्या टोकापासून साधारण १ मीटर सोडा, नाहीतर पंखा धूर उडवून लावतो आणि अलार्म बसतो शांत. एसीच्या झोताचंही तेच.

६. अलार्म उगाच वाजतो म्हणून सेल काढून ठेवलाय. घरात कुणीतरी असतंच, मग काय बिघडलं?

घरात कुणीतरी असतंच, पण जागं असतं का?

उगाच वाजण्याचं कारण शोधा. जागा चुकली असेल तर प्रश्न ५ पाहून हलवा. आत धूळ किंवा कोळी शिरला असेल तर व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने साफ करा. कढईचा धूर झाला की तात्पुरतं गप्प करण्याचं बटण बहुतेक अलार्मवर असतं, तेच वापरा. दर मिनिटाला एकदा 'टिक' किंवा 'चिवचिव' होत असेल तर तो उगाच वाजत नाही. त्याचा सेल संपत आलाय.

महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबा. उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षं झाली की बटण दाबल्यावर वाजत असला तरी बदला. बटणामुळे भोंगा आणि वीजजोडणी ठीक आहे इतकंच खात्रीने कळतं. धूर ओळखणारा भाग म्हातारा झालाय का, हे बटण सांगत नाही.

७. रात्री झोपायच्या खोलीचं दार बंद ठेवावं की उघडं?

बंद. साधं लाकडी दारसुद्धा धूर आणि उष्णता अडवून काही मोलाची मिनिटं देतं. यूएलच्याच चाचण्यांत दार उघडं असलेल्या खोलीचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं, तर बंद दाराआडच्या खोलीचं ४० अंशांच्या आसपास राहिलं. मध्ये फक्त एक दार.

तान्हं किंवा आजारी माणूस दुसऱ्या खोलीत असेल तर दार लावायला मन धजत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणजे जोडलेले अलार्म, त्या खोलीतलाही धरून, आणि आवाज ऐकवणारा बेबी मॉनिटर. ते नसतील तोवर निर्णय तुमचा. पण घरातून बाहेर पळताना मात्र मागे प्रत्येक दार ओढून घ्यायचं, कुलूप न लावता. याला अपवाद नाही. उघडं दार आगीला हवा पुरवतं.

८. बाहेर पडायची योजना म्हणजे कागदावर काय काय लिहायचं?

घराचा ओबडधोबड नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीतून दोन वाटा दाखवा, एक दार आणि दुसरी बहुधा खिडकी किंवा गॅलरी. कोण कुणाला उचलणार ते नावानिशी ठरवा. "आपण सगळे मिळून आजीला आणू" असं ठरवलं की आयत्या वेळी दोघं आजीकडे धावतात आणि धाकटा राहून जातो. बाहेर जमायची जागा एक आणि पक्की हवी: समोरचं अमुक झाड, तमुक खांब. तिथे डोकी मोजायची. अग्निशमन दलाला फोन बाहेर पोचल्यावर करायचा. क्रमांक मुलांनाही पाठ हवा आणि पत्ता खुणेसकट सांगता यायला हवा.

मग तालीम. वर्षातून दोनदा, त्यातली एक रात्री, दिवे मालवून. पहिल्या तालमीत हसू येतं, ते येऊ द्या. डोळे मिटून, भिंत चाचपत पलंगापासून दारापर्यंत जाऊन बघा. किती सामान आडवं येतं ते कळेल, आणि ते हलवणं हीच निम्मी तयारी. कुठल्याही दाराला हात घालायच्या आधी ते हाताच्या पाठीने चाचपायचं, हेही तालमीतच अंगवळणी पाडा. गरम लागलं तर उघडायचं नाही, दुसरी वाट धरायची.

९. खिडक्यांना पक्के गज आहेत. चोराची भीती बघू की आगीची?

दोन्ही बघता येतात. प्रत्येक झोपायच्या खोलीत निदान एका जाळीला आतून उघडणारा भाग करून घ्या. तिला किल्लीचं कुलूप नको, आतून सरकणारी कडी किंवा खटका हवा. कुलूपच हवं असेल तर किल्ली त्याच खोलीत, खिडकीच्या बाहेरून हात पोचणार नाही पण आतल्याला अंधारात सापडेल अशी.

आणि मग ती जाळी घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला उघडायला लावा. बऱ्याच घरांत उघडणारा भाग असतो, पण बिजागऱ्या गंजून किंवा रंगाने चिकटून बसलेल्या असतात. कधी कधी तर त्याच्यासमोर कुंड्यांची रांग असते.

१०. मुलं एवढी गाढ झोपतात, ती अलार्मने उठतात का? आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांचं काय?

लहान मुलं नेहमीच्या तीक्ष्ण आवाजाच्या अलार्ममध्ये निवांत झोपून राहू शकतात. नेहमीचा आवाज साधारण ३००० हर्ट्झचा असतो. ५२० हर्ट्झचा खर्जातला आवाज मुलांना, ऐकू कमी येणाऱ्यांना आणि मद्य घेतलेल्यांनाही जागं करायला बराच अधिक परिणामकारक ठरला आहे. तसे अलार्म मिळतात. ऐकूच येत नसेल तर उशीखाली थरथरणारी चकती आणि लखलखणारा दिवा जोडता येतो.

तरीही योजना आखताना मूल स्वतःहून उठेल असं धरूच नका. त्याला उठवणारा माणूस प्रश्न ८ मधल्या कागदावर लिहिलेला हवा. मुलांना आणखी एक शिकवायचं: भीती वाटली तर पलंगाखाली किंवा कपाटात लपायचं नाही. मुलं हमखास तिथेच जातात, आणि शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत.

११. आम्ही उंच इमारतीत वर राहतो. आग खालच्या कुठल्यातरी मजल्यावर आहे. उतरायचं की थांबायचं?

या पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि याला एका ओळीचं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आग तुमच्याच घरात असेल तर वाद नाही. सगळ्यांना घेऊन बाहेर, दार ओढून घ्या, मजल्यावरच्या शेजाऱ्यांची दारं ठोठवा, जिन्याने उतरा.

आग दुसरीकडे असेल तर इमारत कशी बांधली आहे यावर अवलंबून आहे. काही इमारतींत प्रत्येक घर आगीपासून स्वतंत्र राहील अशी रचना असते आणि तिथे घरात थांबायची सूचना असते. काहींत धोक्याची घंटा वाजली की सगळ्यांनी निघायचं असतं. तुमच्या इमारतीत काय ठरलंय ते आजच विचारून घ्या. जिना स्वच्छ असेल आणि उतरायची सूचना असेल तर उतरा. अग्निशमन दल काही वेगळं सांगेल तर त्यांचं ऐका. जिन्यात धूर दिसला तर मात्र त्यात उतरू नका. उंच इमारतीत जिना धुरांड्यासारखा धूर वर ओढतो, आणि तीन मजले खाली जाऊन अडकलात तर ना घर ना दार. परत फिरा आणि प्रश्न १२ प्रमाणे वागा. गच्चीकडे धावायचा मोह होतो. पण गच्चीचं दार कुलूपबंद असेल तर तुम्ही धुराच्या सगळ्यात वरच्या टोकाला उभे असता.

लिफ्ट कधीच नाही. वीज गेली की ती मध्येच थांबते आणि तिच्या बोगद्यात धूर भरतो. नेमकी आगीच्या मजल्यावर दार उघडण्याचीही शक्यता असते.

जिन्याच्या आगरोधक दाराला वीट लावून ते उघडं ठेवणारे, आणि जिन्यात जुनं सामान रचणारे शेजारी सगळीकडे असतात. भांडण परवडलं.

१२. बाहेर पडताच येत नाही. आता काय?

आगीपासून दूरच्या, बाहेर खिडकी उघडणाऱ्या खोलीत या. मधली सगळी दारं लावा. दाराखालची फट ओल्या चादरीने, टॉवेलने बुजवा. फोन करून मजला, घर आणि खोली सांगा, आणि फोन ठेवू नका. खिडकीतून चमकदार कापड हलवा, रात्री टॉर्च. बाहेरून धूर आत येत नसेल तरच खिडकी उघडा.

नाकावर ओलं फडकं धरल्याने काजळी आणि थोडी जळजळ कमी होते. कार्बन मोनॉक्साइड त्याने अडत नाही. फडकं धरून धुरातून आरपार जाता येईल असं समजू नका.

१३. घरासाठी कोणता अग्निशामक घ्यावा?

आगीचे वर्ग असतात: लाकूड-कापड, ज्वलनशील द्रव, वायू, वीज, स्वयंपाकाचं तेल. वर्गांची अक्षरं जगभर सारखी नाहीत. तेलाची आग कुठे 'एफ' तर कुठे 'के'. 'सी' म्हणजे काही ठिकाणी वायू, काही ठिकाणी वीज. म्हणून अक्षरापेक्षा नळकांड्यावरची चित्रं बघा.

सर्वसाधारण घराला 'एबीसी' कोरडी पावडर बऱ्यापैकी पुरते. पावडर फवारल्यावर सगळं घर पांढरं होतं आणि समोरचं दिसेनासं होतं, तेवढी तयारी ठेवा. कार्बन डायऑक्साइडचा विजेच्या उपकरणांना चांगला. पण त्याचं भोंग्यासारखं तोंड इतकं गार पडतं की उघड्या हाताने धरलं तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि छोट्या बंद खोलीत तो श्वासाची हवाही हटवतो. पेटलेल्या तेलावर हे दोन्ही भरवशाचे नाहीत. जोराच्या झोताने तेलच उडतं.

टांगायचा बाहेर पडायच्या वाटेवर, दाराजवळ. शेगडीच्या शेजारी टांगला तर आग ओलांडून आणावा लागेल.

१४. तो कधी वापरायचा, आणि कधी हात लावायचा नाही?

आग कचऱ्याच्या डब्याएवढी आहे, बाकीचे बाहेर निघालेत, कुणीतरी फोन करतंय, आणि बाहेरचं दार तुमच्या पाठीशी आहे, हे सगळं जुळत असेल तरच वापरायचा. पिन ओढा, तोंड ज्वाळांच्या बुंध्याकडे धरा, मूठ दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. घरगुती नळकांडं जेमतेम १० ते २० सेकंद चालतं. तेवढ्यात आग विझली नाही तर ते तिथेच टाकून निघा. दुसरं आणायला जाऊ नका.

महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला सहसा काटा नसतो, ते वजनावरून तपासतात.

१५. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर?

पाणी नाही. काहीही झालं तरी पाणी नाही. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी जातं, क्षणात वाफ होतं, आणि पाण्याची वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा घेते. ती वाफ पेटतं तेल तुषारांसारखं छतापर्यंत उडवते. पेलाभर पाणी पुरतं.

हात सुरक्षित पोचत असेल तर शेगडी बंद करा. धातूचं झाकण किंवा मोठी परात आपल्या बाजूने पलीकडे सरकवत कढईवर ठेवा. वरून आदळू नका. आणि ते तसंच राहू द्या. ज्वाळा गेल्या तरी तेल तापलेलंच असतं, आणि पाच मिनिटांनी "विझलं का" म्हणून झाकण उचललं की हवा मिळून ते पुन्हा भडकतं. पूर्ण गार होईपर्यंत थांबा.

कढई उचलून बाहेर किंवा मोरीत न्यायची नाही. पेटलेली कढई उचलणारे दोन पावलांत ती अंगावर किंवा दारात सांडतात.

खायचा सोडा अगदी छोट्या ज्वाळेवर चालतो, पण मोठ्या कढईला पुरेल इतका कुणाच्या घरात नसतो. पीठ चुकूनही नको. हवेत उडालेलं पीठ स्वतःच भडकतं. आगीच्या चादरीबद्दल बरेच जण विचारतात. कपड्यांना लागलेल्या आगीला ती चांगली, पण खोल तेलाच्या आगीला प्रत्येक चादर टिकत नाही. चादरीवर तेलासाठी चालते असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर झाकणावरच भरवसा ठेवा.

तेल पेटण्याआधी धूर सोडतं. ती सूचना असते. तळण शेगडीवर असताना स्वयंपाकघर सोडायचं नाही. दारावरची घंटा वाजली तर आधी शेगडी बंद.

१६. गॅसचा वास येतोय. दिवा लावून बघू का?

नको. लावलेला दिवा बंदही करू नका. बटण दोन्ही दिशांनी दाबताना आत ठिणगी पडू शकते. पंखा, दारावरची घंटा, फोन यांनाही हात नको. सिलिंडरची किंवा नळाची खटकी बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर व्हा, आणि फोन बाहेरून करा.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत, ओट्याखाली, मोरीत साठतो, म्हणून उभ्याने वास कमी वाटला तरी खाली असू शकतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो छताकडे साठतो. मुळात दोन्हींना जाणवेल असा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळतात.

अपवाद: नळीच्या तोंडाशी गळणारा गॅस पेटलेला असेल तर नुसती ज्वाळा विझवायची घाई नको. आधी खटकी बंद करा, ज्वाळा आपोआप जाईल. खटकीपर्यंत पोचता येत नसेल तर बाहेर व्हा. ज्वाळा विझली आणि गॅस वाहत राहिला, तर खोली भरते आणि पुढची ठिणगी स्फोट करते. गळती शोधायला साबणाचं पाणी, काडी नव्हे.

१७. एमसीबी आहे. मग वायरिंगने आग कशी लागेल?

एमसीबी दोनच गोष्टींवर पडतो: जास्त भार आणि शॉर्ट सर्किट. सैल झालेला स्क्रू किंवा ढिला प्लग त्याला दिसत नाही. तिथे प्रवाह मर्यादेतच असतो, पण सांध्यावर उष्णता होत राहते आणि प्लास्टिक हळूहळू करपतं. प्रवाह जमिनीकडे गळला तर तोडणारं आरसीसीबी वेगळं. माणसांच्या बचावासाठी ते ३० मिलिअँपियरचं बसवतात. एक आहे म्हणून दुसरं नको असं होत नाही.

खुणा ओळखा: गरम लागणारा प्लग, पिवळटलेलं किंवा काळवंडलेलं सॉकेट, दिव्याची फडफड, जळक्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा वास.

एक्स्टेंशन बोर्डाचं गणित सोपं आहे. वॅटला व्होल्टने भागा, अँपियर मिळतात. २,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपियर घेतो, १२० व्होल्टवर १६.७. बोर्डावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. हीटर, इस्त्री, गिझर थेट भिंतीत. एका बोर्डात दुसरा बोर्ड नाही. गुंडाळीची वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली असेल तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. आणि हीटरभोवती सगळीकडून १ मीटर मोकळं ठेवा, त्याच्यावर कपडे वाळत घालणं तर दूरच.

१८. टीव्ही पेटला. पाणी मारू का?

आधी मुख्य बटण बंद करा, पण तिथवर धुरातून जावं लागत नसेल तरच. वीज तुटल्यावर ती साधी आग राहते. वीज तुटलेली नाही तोवर फक्त कार्बन डायऑक्साइड किंवा पावडर, प्रश्न १४ मधल्या अटी पाळून.

१९. ई-स्कूटरची बॅटरी घरात चार्ज करतो. एवढी भीती बाळगायची गरज आहे का?

भीती नको, जागा बदला. लिथियम-आयन बॅटरीतला एक सेल बिघडून तापला की तो शेजारच्याला तापवतो, आणि ही साखळी बाहेरून हवा बंद करून थांबत नाही. विषारी, पेट घेणारे वायू जोरात बाहेर पडतात. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी तासांनी पुन्हा पेटू शकते.

म्हणून ती मुख्य दाराजवळ किंवा जिन्याखाली चार्ज करायची नाही. नेमकी बाहेरची वाट अडते. झोपेत चार्जिंग नाही, गादीवर किंवा उशीखाली फोनही नाही. चार्जर त्याच बॅटरीसाठी दिलेला. फुगलेली, पडून चेपलेली, भिजलेली किंवा घरी जोडजाड केलेली बॅटरी वापरातून काढा. ती कचऱ्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. फोनसारख्या छोट्या वस्तूवर भरपूर पाणी ओतून ती गार करता येते. स्कूटरची बॅटरी फुसफुसायला लागली तर दार ओढून बाहेर पडा.

इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीचं निराळं आहे. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. बंद कपाटात नको, हवेशीर जागा हवी.

२०. कपड्यांनी पेट घेतला, किंवा भाजलं, तर पहिल्या मिनिटात काय?

पळू नका. थांबा, जमिनीवर पडा, चेहरा हातांनी झाका आणि लोळा. दुसऱ्याचे कपडे पेटले असतील तर जाड सुती चादरीत गुंडाळा.

भाजल्यावर २० मिनिटं वाहतं गार पाणी. हे भाजून तीन तासांच्या आत केव्हाही केलं तरी उपयोगी, पण लगेच केलं तर जास्त. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल-तूप नाही. अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना. चेहरा भाजला असेल किंवा धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी जायचं, श्वासनलिका नंतर सुजते.

२१. काहीही न पेटवता आग लागते म्हणतात. खरं की अफवा?

काही बाबतीत अगदी खरं. जवसाच्या तेलाचं पॉलिश लाकडाला लावून झालं की भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकतात. ते तेल हवेशी संयोग पावून वाळतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. ढिगाच्या आत ती कोंडली की फडकी आपोआप पेटतात. ती एकेक सुटी पसरून बाहेर वाळवा, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. दुसरं उदाहरण खिडकीतलं: काचेचा गोळा, पाण्याने भरलेलं गोल भांडं किंवा अंतर्वक्र आरसा ऊन एका बिंदूवर आणून पडदा पेटवू शकतो.

आपोआप कॅटेगरीत न बसणारी पण तशीच वाटणारी एक: गादीत पडलेली सिगरेटची ठिणगी. तासन्‌तास धुमसते आणि पहाटे उठते.

२२. मांजर आत राहिलं, किंवा कागदपत्रं राहिली. एक मिनिटासाठी जाऊ का?

नाही. प्रश्न १ मधला हिशेब तुम्ही बाहेर उभे असतानाही चालूच असतो. दलाच्या माणसांना जनावर कुठल्या खोलीत असेल ते सांगा, ते शोधतात. कागदपत्रांच्या प्रती आधीच दुसऱ्या घरी किंवा ऑनलाइन ठेवा.

२३. आग विझली. घरात कधी जायचं, आणि काय टाकून द्यायचं?

दलाने सांगितल्यावरच. वीज आणि गॅस तपासून झाल्याशिवाय सुरू करायचे नाहीत. काजळी झाडूने झाडली की ती हवेत उडते आणि फुप्फुसात जाते. मास्क आणि हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा. धूर, उष्णता किंवा विझवण्याची पावडर लागलेलं खाणं आणि औषधं टाकून द्या, बंद डबा तापून फुगला असेल तर तोही. काही फेकण्याआधी विम्यासाठी फोटो काढा. वापरलेला अग्निशामक अर्धा भरलेला वाटला तरी पुन्हा भरून घ्या, एकदा दाब सुटला की तो गळत राहतो. आगीच्या धुरातून गेलेले अलार्म वाजत असले तरी नवे बसवा.